कोकणातली शाळा मिरगानंतरच भरू दे

सीबीएसईच्या धर्तीवर राज्यातल्या शाळाही 1 एप्रिललाच सुरू करायच्या, ही चर्चा मार्च 2025 पासून सारखी वर येतेय आणि दरवेळी त्याच दोन वाक्यांवर अडकते. एक बाजू म्हणते मे महिना गेला, आता मुलांनी गावाला जायचं कधी, आंबे-फणस खायचे कधी, आजी-आजोबांना भेटायचं कधी. दुसरी म्हणते तुम्ही आंबेच खा, तोवर बाकीच्या राज्यांतली मुलं नीट-जेईईला पुढे निघून जातील. यंदा मे महिन्यात आमच्या घरी सगळं कुटुंब जमलं होतं, मुंबई-डोंबिवली-पुण्याची मंडळी आणि गावातले आम्ही, रात्री जेवणं आटपल्यावर खळ्यात हाच विषय निघाला आणि तिथेही हेच झालं, दोन्हीकडून आवाज चढले, आत्या कंटाळून आत निघून गेली, पण एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकानेही विचारलं नाही की शाळा कोणत्या तारखेला उघडायची हे ठरतं कशावरून आणि ठरवायचं कोणी. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोकणात, म्हणजे रायगडपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत, शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये पूर्ण संपावं, निकाल नेहमीसारखा 1 मेला हातात पडावा आणि नवीन वर्ष मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागल्यावर, जूनच्या मध्याला सुरू व्हावं. मधले सहा-सात आठवडे मुलगा ना जुन्या इयत्तेचा ना नव्या इयत्तेचा, असाच राहावा. कारण आमच्याकडे शाळेचं वर्ष सुरू करायचं काम एकटी शाळा करत नाही, मे महिन्यात जमलेलं कुटुंब करतं, आणि ते काम मार्चअखेर उरकता येत नाही. आणि ही तारीख बोर्ड बघून ठरवू नये, त्या त्या जिल्ह्याचा पाऊस, ऊन आणि कामधंदा बघून ठरवावी.

आता आपल्या बाजूचा जो मुद्दा सगळ्यात जास्त मोठ्याने मांडला जातो तोच कच्चा आहे, हे आपण मान्य करायला हवं. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली म्हणजे मेची सुट्टी बंद, असं होत नाही. सीबीएसईच्या शाळा एप्रिलला सुरू होतात आणि मे महिन्यात सुट्टी देतातच. शेजारच्या गोव्याने 2025 मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग 7 एप्रिलला सुरू केले, पालक कोर्टात गेले, तरी वर्ग भरले, आणि मेमध्ये सुट्टीही दिली. तेव्हा गाव तुटणार, आजोळ तुटणार अशी ओरड करून आपण समोरच्याला सोपं उत्तर देऊन ठेवतो, तो म्हणतो अरे बाबा सुट्टी आहे की, मग तुझी तक्रार काय.

तक्रार ही आहे की ती सुट्टी दोन वर्षांच्या मधली राहत नाही, चालू वर्षाच्या मधली होते. हा फरक कागदावर काहीच वाटत नाही, घरात मात्र लगेच दिसतो. आमच्या घरीच दोन मुलं होती, दोघंही पाचवीत जाणारी, एक नवी मुंबईच्या सीबीएसई शाळेतला आणि एक गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला. नवी मुंबईवाल्याची पाचवी एप्रिललाच सुरू झालेली, त्याच्याबरोबर सुट्टीच्या होमवर्कची एक जाड फाईल आलेली, रोज एक पान शुद्धलेखन, तीन प्रोजेक्ट, त्यातला एक 'आपल्या परिसरातील झाडे'. दुपारी त्याचा बाबा पडवीत बसून मोबाईलवरून झाडांची चित्रं काढत होता, ती तालुक्याला जाऊन प्रिंट करून आणायची आणि चिकटवायची, आणि पडवीच्या पुढ्यातच रातांब्याचं झाड, त्याच्याखाली बाकीची सगळी पोरं पडलेले रातांबे गोळा करतायत, मागच्या दारी वहिनी आणि आत्या ते फोडून बिया वेगळ्या आणि सालं वेगळी करतायत, हात कोपरापर्यंत लाल. गावचा पोरगा आमसुलाला सालं रसात किती वेळा भिजवून सुकवायची ते न विचारता सांगत होता. फाईलवाला पोरगा दर थोड्या वेळाने उठून तिकडे जायचा आणि बाबा हाक मारून परत बसवायचा. यात मी त्या बापाला दोष देत नाही, त्याच्या डोक्यावर 10 जूनला फाईल जमा करायची टांगती तलवार होती.

पण ही फक्त झाडं ओळखण्यापुरती गोष्ट असती तर मी एवढं ताणून धरलं नसतं. खरा मुद्दा पैशाचा आणि निर्णयांचा आहे, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. कोकणातल्या घरात मे महिन्यात काय काय ठरतं बघा. चौथी किंवा सातवी झालेला मुलगा गावातच राहणार की काकाकडे मुंबईला जाणार, दहावीनंतर सायन्स घ्यायचं तर तालुक्याला खोली करायची की आत्याकडे ठेवायचं, आजीची तब्येत बरी नाही तर नातीला वर्षभर गावी ठेवून इथल्याच शाळेत घालायचं का, हे सगळे निर्णय फोनवर होत नाहीत, त्याला सगळी माणसं समोरासमोर लागतात. मग दप्तर कोण घेणार, वह्या कोण देणार, मोठीची सायकल धाकट्याला चालेल का, अकरावीच्या प्रवेशाचा ऑनलाईन फॉर्म कोण भरून देणार. आमच्या वहिनीने हे सगळं एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर नावासकट लिहून काढलं आणि ज्याने त्याने आपापलं पुढच्या दोन-तीन दिवसांत आणून टाकलं. गावाची मुंबईतली मंडळंही नेमकी तेव्हाच येतात, वह्यावाटप करतात, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार ठेवतात, शाळेचं छप्पर गळतंय तर वर्गणी काढतात. कोकणातली कितीतरी हायस्कुलं अशाच चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभी राहिलेली आहेत. आणि आंबा-काजूवाल्याच्या हातात पैसा येतो तोही एप्रिल-मे महिन्यातच, बागेचा हिशोब तर मे संपता संपता होतो. मार्च संपताना या घरात खत-फवारणीची उधारी असते, गणवेशाला आणि गाईडला पैसे नसतात. 1 एप्रिलला वर्ष सुरू करा असं म्हणणाऱ्याला हे सगळं कुठे बसवायचं ते सांगावं लागेल.

नीट-जेईईच्या मुद्द्याला मी फार वेळ देणार नाही. आपल्या बोर्डाची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होऊन मार्चमध्ये संपते, 2025 मध्ये नीट 4 मे रोजी झाली. ज्या मुलांना या परीक्षा द्यायच्यात त्यांचं वेळापत्रक केव्हाच पुढे ओढून झालेलं आहे, त्यासाठी तिसरीतल्या मुलाला 1 एप्रिलला वर्गात बसवून कुठला रँक वाढणार? अभ्यासक्रम चांगला करा, विज्ञानाचे शिक्षक भरा, प्रयोगशाळेला कुलूप नसेल एवढं बघा. तारीख बदलायला पैसा लागत नाही आणि बाकी सगळ्याला लागतो, म्हणून तारखेवर जास्त बोललं जातं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता पावसाचा मुद्दा, आणि हा समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैत. पऱ्ये म्हणजे ओढे भरतात, साकवावरून म्हणजे त्यांच्यावरच्या लहान पुलावरून पाणी जातं, पोरं भिजून शाळेत येतात आणि ओल्या कपड्यांत दिवसभर बसतात, रेड अलर्ट आला की कलेक्टर आदल्या रात्री सुट्टी जाहीर करतात. मग एवढे दिवस वाया घालवण्यापेक्षा एप्रिलमध्ये शिकवून घ्या ना, हा प्रश्न बरोबर आहे. केरळमध्ये तर 31 जुलै 2025 ला शिक्षणमंत्री व्ही. शिवनकुट्टी यांनीच एप्रिल-मेची सुट्टी जून-जुलैत न्यावी का, यावर लोकांची मतं मागवली. आणि 2025 मध्ये मान्सूनच 25 मेला देवगडपर्यंत पोचला, दुसऱ्या दिवशी मुंबईत, म्हणजे आमचं मिरगाचं गणितही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

हे सगळं मान्य करूनही मी एप्रिलला नाहीच म्हणेन. पावसात बुडणारे दिवस हा रस्त्याचा, साकवाचा आणि गळक्या छपराचा प्रश्न आहे. एप्रिलचे वीस दिवस वाढवले म्हणून जुलैत तो साकव सुरक्षित होत नाही, पोरगी त्याच पाण्यातून जाणार. आणि एप्रिलचं ऊन काय कमी आहे? 16 एप्रिल 2023 ला खारघरला, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली 14 माणसं गेली. त्यानंतर त्याच आठवड्यात तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर, जे स्वतः सावंतवाडीचे, यांनी उन्हामुळे 21 एप्रिलपासून शाळांना सुट्टी जाहीर केली. आणि दोनच वर्षांनी, 2025 ला, पहिली ते नववीच्या परीक्षाच 8 ते 25 एप्रिल घ्यायचं वेळापत्रक आलं. दोन वर्षांत ऊन कमी झालं का? समुद्राकाठी पारा नागपूरइतका चढत नाही हे खरं, पण दमट हवेत पत्र्याच्या वर्गात, वीज गेलेली असताना, अकरा वाजता काय अवस्था होते ते ज्याने शिकवलंय त्याला विचारा. केरळसारखी पावसाळी सुट्टी हवी का यावर बोलायला मी तयार आहे, तो निदान हवामान बघून केलेला विचार आहे. 1 एप्रिल हा बोर्ड बघून केलेला विचार आहे आणि दोन्हींची गल्लत करू नये.

इतिहासात हे पहिल्यांदा होत नाहीये. महर्षी कर्वे मुरूडचे, दापोली तालुक्यातले. 1870 च्या दशकात सहावीची सरकारी परीक्षा द्यायला हा मुलगा पावसातून, घाट चढून, शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला आणि तिथे पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट आपण कर्व्यांच्या जिद्दीची म्हणून मुलांना सांगतो. मला त्यात परीक्षा ठरवणारेही दिसतात, ज्यांना मुरूड कुठे आहे, तिथून साताऱ्याला कसं पोचतात, वाटेत काय हवा असते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. जिद्द दाखवायची वेळ मुलांवर का आणायची?

उलट ज्या गोष्टी टिकल्या त्या हवामानाला धरून टिकल्या. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालायच्या तेव्हा पावसाळ्यात त्या बंद असायच्या, त्यामुळे चाकरमान्याला मे संपायच्या आत मुंबई गाठावीच लागायची. गिरणगावातला माणूस मे महिन्यात रजा टाकून गावी यायचा, घराची कौलं परतून द्यायचा, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी आणि मीठ भरून ठेवायचा, पोरांच्या शाळेचं बघायचा आणि परत जायचा. बोटी गेल्या, 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तरी मे महिन्यातलं येणं चालूच राहिलं. नुसत्या हौसेपोटी एवढी वर्षं कोणी उभ्याने, जनरल डब्यातून प्रवास करत येतं का? पावसाळ्यापूर्वीची कामं आणि मुलांची शाळा, दोन्ही त्याच दिवसांत उरकायची असतात म्हणून माणसं येतात.

लांब सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, हा दुसरा आक्षेप. विसरतात, शिक्षक जूनचे पहिले दोन आठवडे उजळणीतच घालवतात हे मी जवळून बघितलंय. पण मग सरकार स्वतः काय करतं? पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान आहे, त्यात एक मेळावा एप्रिलमध्ये आणि दुसरा जूनमध्ये, आणि मधले आठवडे आयांचे गट घरीच मुलांकडून कृती करून घेतात. म्हणजे सुट्टीत घरी शिकता येतं हे सरकारलाही मान्य आहे, त्यासाठी शेजारपाजारच्या बाया आणि मोकळं मूल एवढं असलं की पुरतं. हेच मोठ्या इयत्तांना का नाही? मे महिन्यात प्रत्येक वाडीत मुंबईहून आलेली कॉलेजची मुलं असतात, त्यांना शाळेने एक पानभर सांगितलं की चौथीच्या मुलांकडून एवढं वाचून घ्या, तर ती आनंदाने करतील. शिवाय जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या साधारण मे महिन्यात होतात. दोन शिक्षकी शाळेत एप्रिलला एक बाई वर्ग सुरू करणार, मेमध्ये त्यांची बदली होणार, जूनला दुसरे गुरुजी येऊन परत पहिल्यापासून, यात मुलांचं काय शिकून होणार?

एक आक्षेप मात्र मला खरंच टोचतो आणि तो आमच्या पुण्याच्या चुलतभावाने खळ्यात मांडला होता. तो म्हणाला, तुमच्याकडे काका-आत्या येतात म्हणून तुम्ही मेची सुट्टी मिरवता, ज्यांच्याकडे कोणी येत नाही त्यांचं काय? दर्यावर जाणाऱ्यांच्या घरी मे महिना म्हणजे शेवटची कमाई, 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, आणि नेमका जूनमध्ये शाळेचा खर्च. हे खरं आहे. पण त्याच घरात जाऊन विचारलं तर दुसरी बाजूही कळते. एप्रिल-मेमध्ये बाप समुद्रावर आणि आई मासळी सुकवण्यात नाहीतर बाजारात, पहिल्या दिवशी मुलाचा हात धरून शाळेत न्यायला घरात कोणी मोकळंच नसतं, जूनमध्ये होड्या वर ओढलेल्या असतात आणि बाप घरी असतो. कातकरी वाड्यांत तर याहून स्पष्ट आहे. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. 1 एप्रिलला त्यांची मुलं भट्टीवर असतात. म्हणजे नव्या वर्षाच्या हजेरीत पहिल्या दिवसापासून त्यांच्या नावापुढे गैरहजर, आणि जूनला वाडीत परत येईपर्यंत वर्ग दोन धडे पुढे. गरीब मुलाच्या नावाने एप्रिलची बाजू घेणाऱ्यांनी हे एकदा बघावं. दर्यावरच्या घरांचा खर्चाचा प्रश्न उरतोच, त्याला पुस्तकं आणि गणवेश पहिल्या दिवशी हातात पडणं हाच उपाय आहे.

राहता राहिला एकसारखेपणाचा मुद्दा, की बदलीची नोकरी असलेल्यांच्या मुलांची अडचण होते, देशभर एकच वर्ष असावं. अशी मुलं आहेत, त्यांची सोय व्हायला हवी, पण त्यांच्यासाठी केंद्रीय विद्यालयं आणि सीबीएसईच्या शाळा आहेतच. बाकी राज्यात तरी एकच तारीख कुठे आहे? 2025 ला आपल्या शाळा 16 जूनला उघडल्या आणि विदर्भातल्या 23 जूनला, उन्हामुळे, आणि त्यात कोणाला काही चुकीचं वाटलं नाही, वाटायचं कारणही नाही. कोकणातल्या शाळा गणपतीला जास्त सुट्टी घेतात आणि ती दुसरीकडे भरून काढतात, तेही वर्षानुवर्षं चाललंय. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला 200 आणि सहावी ते आठवी 220 दिवस शिकवा म्हणतो, ते दिवस कोणत्या महिन्यात हे सांगत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये 2022 ला एकसारखेपणासाठीच काश्मीर खोऱ्याचं नोव्हेंबरचं वर्ष मोडून मार्चवर नेलं, आणि 2024 ला तिथल्या नव्या सरकारला नववीपर्यंत ते परत नोव्हेंबरवर आणावं लागलं. तिथे बर्फ, आमच्याकडे पाऊस.

आणि एवढं लांब जायची गरज नाही. 2024-25 ला आपल्याकडेच 'एक राज्य एक गणवेश' आणला. कापड एकीकडे, शिलाई दुसरीकडे, पावसाळा सरला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते आणि पोचले ते मुलांना बसत नव्हते, शेवटी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचा निर्णय झाला, जिथे गावातला शिंपी मुलाला समोर उभं करून माप घेतो. तारखेचं कामही असंच जिल्ह्याकडे द्या. कलेक्टर एका रात्रीत पावसाची सुट्टी देऊ शकतात, तर जिल्ह्यातले शिक्षक, समित्या, बागायतदार, मच्छीमार आणि कातकरी वाड्यांमधली माणसं एकत्र बसवून जिल्हा परिषदेने जानेवारीतच पुढच्या वर्षाची तारीख ठरवायला काय हरकत आहे? दिवस मोजून घ्या, 200 आणि 220 पूर्ण भरले नाहीत तर जाब विचारा. आणि सीबीएसई शाळांनी निदान एवढं करावं की मे महिन्यात घरी पाठवलेल्या मुलाबरोबर फाईल पाठवू नये.